विश्लेषण : मत्स्यालयातील प्रवाळांचे रंग का उडतात? पाण्याच्या अल्कतेशी त्याचा संबंध काय?

जांभळे, हिरवे, गुलाबी प्रवाळ समुद्री मत्स्यालयात आणून ठेवले आणि काही आठवड्यांत ते मळकट तपकिरी किंवा फिकट पांढरट झाले, ही अमेरिका, युरोप, जपानमधील प्रवाळपालकांची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी पहिला संशय दिव्यांवर घेतला जातो. महागडे दिवे बदलूनही रंग परतत नाही, तेव्हा पाण्याच्या चाचणीत एक आकडा सतत खाली-वर होत असल्याचे लक्षात येते. हा आकडा असतो अल्कतेचा, म्हणजेच अल्कलिनिटीचा. अल्कता प्रवाळाला थेट रंग देत नाही. मग तिच्यातील थोड्याशा बदलाने प्रवाळाचे रूप कसे पालटते आणि हेच रसायनशास्त्र समुद्रातील प्रवाळांसाठीही का महत्त्वाचे आहे, याचा हा आढावा.

प्रवाळाला रंग कुठून येतो?

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. पॉलिप नावाचे असंख्य लहान प्राणी एकत्र राहतात आणि आपल्याखाली कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा सांगाडा रचत जातात. हा सांगाडा पांढरा असतो. त्यावर पसरलेले जिवंत ऊतक जवळपास पारदर्शक असते. रंग येतो तो दोन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे ऊतकांत राहणारे झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल. एका चौरस सेंटिमीटरमध्ये ते लाखोंच्या संख्येने असतात. प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले अन्न ते प्रवाळाला देतात आणि बदल्यात त्यांना आसरा व पोषण मिळते. या शैवालांचा रंग सोनेरी तपकिरी असतो. त्यांची संख्या वाढली की प्रवाळ तपकिरी दिसतो. ती फारच घटली तर पारदर्शक ऊतकातून पांढरा सांगाडा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रवाळाने स्वतः तयार केलेली रंगीत प्रथिने. जेलीफिशमध्ये सापडलेल्या ज्या हिरव्या चमकदार प्रथिनावरील संशोधनाला २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच कुळातील ही प्रथिने आहेत. प्रवाळांच्या गटातील प्राण्यांतही अशी प्रथिने असल्याचे रशियन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. प्रवाळपालकांना हवे असलेले हिरवे, लाल, निळे, जांभळे रंग याच प्रथिनांचे असतात. तीव्र प्रकाशात, विशेषतः निळ्या प्रकाशात, त्यांचे प्रमाण वाढते. शैवालांचे प्रखर उजेडापासून रक्षण करणे हे त्यांचे एक काम आहे.

अल्कता म्हणजे नेमके काय?

अल्कता म्हणजे पाण्याचा खारटपणा नव्हे आणि सामू म्हणजे पीएचही नव्हे. पाण्यात आम्ल टाकले तर ते किती प्रमाणात पचवता येईल, याचे हे माप आहे. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या आयनांमुळे येते. थोडा वाटा बोरेटसारख्या घटकांचा असतो.

मत्स्यालयाच्या जगात अल्कता ‘डीकेएच’ या जर्मन एककात मोजतात. मोकळ्या समुद्रात ती साधारण साडेसहा ते सात असते. मत्स्यालयात ती ७ ते ११ दरम्यान कुठेतरी राखली जाते आणि बहुतेक जण ८ ते ९ पसंत करतात. यासोबत कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम ठेवतात.

टाकीतील अल्कता कमी का होते?

कारण प्रवाळ ती वापरतात. सांगाडा रचताना कॅल्शियमच्या एका आयनासोबत बायकार्बोनेटचे दोन आयन खर्च होतात. त्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा एक कण घट्ट होतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर पडते. समुद्र अथांग असल्याने तिथे हा खर्च जाणवत नाही. शे-दोनशे लिटरच्या टाकीत मात्र तो रोज दिसतो. झपाट्याने वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोरासारख्या फांदीदार प्रवाळांनी भरलेल्या टाकीत अल्कता दिवसाला एक अंशाने, कधी त्याहूनही अधिक घसरू शकते.

कॅल्शियम ठीक असताना अल्कताच आधी का घसरते, हा प्रश्न नव्या प्रवाळपालकांना पडतो. त्याचे उत्तर साठ्यात आहे. अल्कता एक अंशाने खाली येते तेव्हा लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झालेले असते. ४२० मिलिग्रॅममधून सात गेले तर घट दोन टक्क्यांहूनही कमी असते. ८ अंशांतून एक गेला तर ती साडेबारा टक्के होते. दोन्ही एकाच कामासाठी खर्च होत असले, तरी अल्कतेची शिल्लक मुळातच लहान असते.

मग रंगाशी तिचा संबंध कसा येतो?

हा संबंध वाढीच्या वेगातून येतो. सांगाडा रचण्यासाठी प्रवाळाला ऊतक आणि सांगाडा यांच्यामधील पातळ द्रवथरात कॅल्शियम आत ओढावे लागते आणि हायड्रोजन आयन बाहेर ढकलावे लागतात. या कामाला ऊर्जा लागते. पाण्यात कार्बोनेटचा पुरवठा कमी असेल, तर तेवढ्याच सांगाड्यासाठी अधिक ऊर्जा मोजावी लागते. अल्कता दीर्घकाळ ६ अंशांच्या खाली राहिली की वाढ मंदावते.

वाढ मंदावली की रंगही बदलतो. फांद्यांची टोके, पसरणाऱ्या प्रवाळाची कड, जखमेभोवतीचा भाग अशा वाढत्या जागी रंगीत प्रथिने अधिक असतात, असे ब्रिटनमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे. नव्या ऊतकात शैवालांची वस्ती विरळ असते. त्यामुळे पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा उजेड तिथे अधिक असतो आणि रंगद्रव्ये त्यापासून संरक्षण देतात. निरोगी प्रवाळाची टोके निळी-जांभळी आणि बुंधा त्या मानाने तपकिरी दिसतो, तो यामुळेच. वाढ थांबली की या नव्या टोकांवर हळूहळू शैवाल दाट होतात आणि रंगीत कड तपकिरीत विरून जाते. प्रवाळ जिवंत असतो, पण रंग हरवलेला असतो.

अल्कता जास्त ठेवली तर रंग खुलतील का?

बाजारातील अनेक कृत्रिम सागरी मिठांचे पाणी १० ते १२ अंश अल्कतेचे बनते. वेगवान वाढीसाठी ते सोयीचे वाटते. परंतु अल्कता वाढली म्हणजे फक्त चुनखडीचा पुरवठा वाढला. ऊतक बनवण्यासाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. पाणी अतिशय स्वच्छ असेल, नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्यावर असतील आणि अल्कता मात्र ११-१२ असेल, तर अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची टोके पांढरी पडून उघडी होतात. प्रवाळपालक याला ‘टोके जळणे’ म्हणतात. सांगाडा पुढे धावतो आणि त्याला झाकणारे ऊतक मागे पडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा निष्कर्ष प्रयोगशाळेपेक्षा टाकी सांभाळणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे.

म्हणूनच अल्कतेचा आदर्श आकडा सर्व टाक्यांसाठी एक नसतो. पोषक द्रव्ये कमी असलेल्या टाकीत ती समुद्राच्या जवळ, ७ ते ८ अंश ठेवतात. मासे भरपूर, खाद्य भरपूर आणि दिवे प्रखर असतील, तर ९-१० अंशही प्रवाळांना मानवतात. पाण्यातून पोषक द्रव्ये पूर्ण काढून टाकणे हा रंग मिळवण्याचा मार्ग नाही, याला संशोधनाचाही आधार आहे. साउथॅम्प्टनच्याच संशोधकांच्या २०१३ मधील अभ्यासानुसार, नायट्रोजन वाढून फॉस्फेटची उपासमार झाली तर उष्णता आणि प्रखर प्रकाशात प्रवाळ अधिक सहज पांढरे पडतात.

अतिरिक्त अल्कतेचा आणखी एक तोटा आहे. कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही खूप वाढले, तर प्रवाळाशिवायच चुनखडी जमू लागते. हीटर, पंप आणि नळ्यांवर पांढरे थर चढतात. पाण्यातील मॅग्नेशियम ही क्रिया रोखून धरते. ते कमी असेल तर टाकलेली अल्कता प्रवाळापर्यंत पोहोचण्याआधीच थरांत अडकते आणि कितीही मात्रा दिली तरी आकडा वर येत नाही.

आकड्यापेक्षा चढउतार अधिक घातक का?

सातवर स्थिर असलेली टाकी आणि साडेनऊवर स्थिर असलेली टाकी या दोन्हींत प्रवाळ रंगीत राहू शकतात. सोमवारी ७, गुरुवारी १० आणि रविवारी पुन्हा साडेसात अशी टाकी मात्र त्यांना सोसत नाही. प्रवाळाची शरीरक्रिया सभोवतालच्या पाण्याशी हळूहळू जुळते. पुरवठा अचानक बदलला की सांगाडा, ऊतक आणि शैवाल यांचा मेळ विस्कटतो. प्रथम पॉलिप बाहेर येणे कमी होते, मग रंग मळतो किंवा फिकटतो आणि गंभीर प्रसंगी बुंध्याकडून ऊतक सुटू लागते. फांदीदार प्रवाळ एका रात्रीत नुसता पांढरा सांगाडा होऊन उरल्याची उदाहरणे प्रवाळपालकांना परिचित आहेत.

हे चढउतार अनेकदा काळजीपोटीच घडवले जातात. टाकीतील अल्कता साडेसात असताना १२ अंशांच्या नव्या पाण्याने एक पंचमांश पाणी बदलले, तर ती ८.४ होते. रंग उडाला म्हणून घाबरून निम्मे पाणी बदलले, तर ती पावणेदहाच्या आसपास पोहोचते. उपचाराचाच धक्का बसतो तो असा. नवे पाणी बनवल्यावर टाकीत ओतण्यापूर्वी त्याचीही अल्कता तपासली, तर हे सहज टळते.

मोजमाप आणि दुरुस्ती कशी करतात?

अल्कतेची चाचणी सोपी असते. नमुन्यात रंगदर्शक टाकून थेंबाथेंबाने आम्ल मिसळतात आणि रंग बदलेपर्यंतचे थेंब मोजतात. काही साध्या संचांत एक थेंब म्हणजे एक अंश. तेवढा फरकच महत्त्वाचा असल्याने अनुभवी लोक दशांशात मोजणारे संच किंवा उपकरणे वापरतात. चाचणी रोज एकाच वेळी करणे आवश्यक ठरते, कारण प्रवाळ उजेडात अंधाराच्या साधारण तिप्पट वेगाने सांगाडा रचतात. सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा यांची तुलना दिशाभूल करते.

पुढचा टप्पा म्हणजे रोजचा खर्च काढणे. काहीही न टाकता दोन-तीन दिवस मोजले की दिवसाला किती अंश घसरण होते, हे कळते. शुद्ध खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, १०० लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम टाकला की अल्कता एक अंशाने वाढते. म्हणजे ४०० लिटरच्या टाकीत रोज अर्धा अंश खर्च होत असेल, तर रोज सुमारे ६ ग्रॅम सोडा लागेल. तो पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडा थोडा द्यायचा आणि कॅल्शियमची भरपाई वेगळ्या द्रावणातून करायची. दोन्ही द्रावणे एकत्र झाली तर तिथेच चुनखडीचा साका बसतो.

दुसरी जुनी पद्धत चुन्याच्या निवळीची. विरलेल्या चुन्याचे स्वच्छ पाणी कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही योग्य प्रमाणात पुरवते. मात्र त्याचा सामू बाराच्या वर असल्याने ते बाष्पीभवनाने उणावलेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबानेच सोडावे लागते. मोठ्या टाक्यांत कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने प्रवाळाचा चुरा विरघळवणारे संयंत्र लावतात. पद्धत कोणतीही असो, घसरलेली अल्कता दिवसाला एक अंशाहून अधिक वेगाने वर आणू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे.

सामू आणि अल्कता यांत गल्लत का होते?

दोन्हींचा आम्लतेशी संबंध असल्याने. बंद खोलीत माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, तो टाकीच्या पाण्यात विरघळतो आणि सामू ८.२ वरून ७.८-७.९ पर्यंत उतरतो. या काळात अल्कता मात्र तेवढीच राहते. सामू कमी दिसला म्हणून सोडा टाकत राहिले, तर अल्कता भलतीच चढते आणि सामू जेमतेम हलतो. अशा वेळी खिडकी उघडणे हा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

रंग उडाल्यावर कारण कसे ओळखायचे?

रंग हे लक्षण आहे, निदान नव्हे. संपूर्ण प्रवाळ तपकिरी झाला असेल, तर पोषक द्रव्ये वाढली आहेत किंवा उजेड अपुरा आहे, असा पहिला अंदाज असतो. सर्वत्र फिकट पडला असेल, तर उजेड अति किंवा पोषण कमी असू शकते. पाणी तापले असेल तर शैवाल बाहेर टाकले जाऊन प्रवाळ पांढरा पडतो. फक्त टोके पांढरी असतील किंवा बुंध्याकडून ऊतक सुटत असेल, तर अल्कतेची गेल्या दोन आठवड्यांची नोंद आधी पाहावी. एकाच वेळी दिवे, मीठ आणि मात्रा बदलल्या, तर कारण कधीच कळत नाही.

झगमगता रंग म्हणजे आरोग्यच, असेही नाही. साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘रंगीत विरंजना’चा उलगडा केला. शैवाल गमावलेले काही प्रवाळ पांढरे न पडता गडद निळे, पिवळे, जांभळे होतात. शैवाल नसल्याने आत वाढलेल्या उजेडाला दिलेला तो प्रतिसाद असतो. तो रंग संकटाचा असतो.

भारतात घरी प्रवाळ पाळता येतात का?

सांगाडा रचणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही हेच संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा बाळगणे गुन्हा असून तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचेही नियंत्रण आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवर परदेशी टाक्या पाहून ‘जिवंत प्रवाळ’ मागवणे अंगाशी येऊ शकते. मालवणच्या सागरी अभयारण्यातील किंवा विजयदुर्गपासून शंभरहून अधिक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ पाहायचे ते त्यांच्याच जागी.

समुद्रातही अल्कता कमी होत आहे का?

नाही, आणि हाच मुद्दा समजून घेण्याचा आहे. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळल्याने अल्कता बदलत नाही. बंद खोलीतील टाकीप्रमाणेच सामू उतरतो आणि प्रवाळांना हवे असलेले कार्बोनेट आयन कमी होतात. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक लहान वाटला, तरी हायड्रोजन आयनांचे प्रमाण त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी वाढले आहे.

याचा प्रवाळांवर काय परिणाम होतो, हे ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण भागात, वन ट्री बेटाजवळ प्रत्यक्ष तपासण्यात आले. संशोधकांनी प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून त्याची अल्कता वाढवली आणि रसायनशास्त्र औद्योगिक काळापूर्वीच्या स्थितीजवळ नेले. प्रवाळभित्तीची चुनखडी रचण्याची गती सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ‘नेचर’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने आम्लीकरणाचा फटका आजच बसतो आहे, हे दाखवून दिले.

मात्र समुद्रात सोडा टाकून हा प्रश्न सुटणारा नाही. तो प्रयोग एका छोट्या भागापुरता आणि काही दिवसांपुरता होता. शिवाय प्रवाळांचे रंग सध्या घालवते आहे ती मुख्यतः उष्णता. इतिहासातील चौथी जागतिक विरंजन घटना एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. पाण्याची अल्कता अगदी योग्य असली, तरी तापलेल्या पाण्यात शैवाल टिकत नाहीत. उष्णतेतून वाचलेल्या प्रवाळाला पुन्हा उभे राहण्यासाठी सांगाडा रचावा लागतो आणि नेमके तेच काम आम्लीकरणाने महाग केले आहे. टाकीतील अल्कता मोजून, दुरुस्त करून राखता येते. समुद्राच्या बाबतीत ती दुरुस्ती कार्बन उत्सर्जन कमी करण्यापासूनच सुरू होते.